शेतमजुराचा वंशवृक्ष : डॉर्सेटच्या दप्तरांतून एक शोध

१) राजांचे वंशवृक्ष काढण्यास फारसे श्रम पडत नाहीत; ते काढून ठेवण्यासाठी पदरी माणसे नेमलेली असतात. खरा प्रश्न येतो तो शेतमजुराचा. ज्याने आयुष्यात एकही पत्र लिहिले नाही, ज्याच्या नावावर जमीन नव्हती, ज्याच्या थडग्यावर दगड बसला नाही, अशा माणसाचा माग दोन-तीनशे वर्षांनंतर त्याच्या वंशजाने कसा घ्यावा? इंग्लंडमधील डॉर्सेट या काउंटीच्या दप्तरांत या प्रश्नाचे जे उत्तर सापडते, ते थोडे अस्वस्थ करणारे आहे. हा धागा त्या उत्तराविषयी.

२) डॉर्सेट ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची काउंटी. खडूच्या टेकड्या, मेंढ्यांचे कळप, छोटी खेडी आणि डॉर्चेस्टर हे मुख्य ठिकाण. एकोणिसाव्या शतकात शेतमजुरीचे दर ज्या भागांत सर्वांत कमी होते, त्यांत या काउंटीची गणना होई. काउंटीचा दप्तरखाना, डॉर्सेट हिस्टरी सेंटर, डॉर्चेस्टरमध्येच आहे. शंभर वर्षांहून जुनी चर्चची दप्तरे अशा दप्तरखान्यांत सोपवावीत, असा नियम १९७८ मध्ये झाला. त्यामुळे पूर्वी गावोगावच्या पाद्र्यांकडे हिंडावे लागे, ते काम आता पुष्कळसे एका छपराखाली होते.

३) शोधाची सुरुवात चर्चच्या नोंदवहीपासून होते. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने आज्ञा काढली की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी. वही कुलूपबंद पेटीत राही, आणि पेटीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे नसत. १५९८ पासून या नोंदींची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवली जाऊ लागली. मूळ वही भिजली, जळली किंवा उंदरांनी खाल्ली, तर हीच नक्कल कामी येते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: वहीत जन्म नाही, बाप्तिस्मा आहे, मृत्यू नाही, दफन आहे. दोहोंत दिवसांचे, क्वचित वर्षांचेही अंतर असू शकते.

४) या वह्या वाचताना नवख्या माणसाचा पाय हमखास अडखळतो तो तारखांत. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून वहीतील १० फेब्रुवारी १७२० म्हणजे आजच्या गणनेने १७२१. हे न कळल्यास मुलाचा बाप्तिस्मा आईबापांच्या लग्नाआधी झालेला दिसतो आणि घराण्यावर विनाकारण कलंक लागतो. १७५२ च्या सप्टेंबरमध्ये तर ११ दिवस पंचांगातून वगळलेच गेले. २ तारखेनंतर थेट १४ उजाडली.

५) दुसरी अडचण हद्दींची. डॉर्सेट १५४२ पर्यंत सॉल्झबरीच्या बिशपकडे होते, मग ब्रिस्टलच्या, आणि १८३६ पासून पुन्हा सॉल्झबरीकडे. त्यामुळे बिशपकडे गेलेल्या नकला आणि मृत्युपत्रे शोधताना काउंटीच्या बाहेरही नजर टाकावी लागते. शिवाय जे मेथडिस्ट किंवा अन्य पंथाचे होते, त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे अनेकदा गावच्या चर्चमध्ये होतच नसत. त्या पंथांच्या पुष्कळ वह्या १८३७ नंतर सरकारजमा झाल्या आणि आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. पूर्वज ‘सापडत नाही’ याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही. तो दुसऱ्या वहीत असतो.

६) १७५४ पासून विवाहाची नोंद निराळी झाली. हार्डविकच्या कायद्याने वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या आवश्यक ठरवल्या. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली काढत. आपल्याकडील जुन्या कागदांत जशी निशाणी, तशीच ही. पाद्री त्या फुलीभोवती नाव लिही. शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने हा क्षण विलक्षण असतो. पूर्वजाचा चेहरा ठाऊक नाही, आवाज ठाऊक नाही. पण ही वाकडी फुली त्याच्याच हाताने, लेखणी अवघडून धरून, काढलेली आहे. पुष्कळ घराण्यांत कित्येक पिढ्यांच्या हस्ताक्षराचा एवढाच अवशेष उरलेला असतो.

७) मग १७८३ साल येते. अमेरिकेतील युद्धाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी सरकारने चर्चमधील प्रत्येक नोंदीवर ३ पेन्सचा कर बसवला. गरिबांना त्यातून सूट होती. म्हणून त्या काळच्या वह्यांत काही नावांपुढे ‘पी’ हे अक्षर किंवा ‘पॉपर’, म्हणजे कंगाल, हा शब्द दिसतो. १७९४ मध्ये कर रद्द झाला. कोण गरीब होता हे पाद्र्याने त्या अकरा वर्षांत टिपून ठेवले, ते करमाफीचे कारण दाखवण्यासाठी. गरिबी नोंदवावी, ती लक्षात राहावी, हा त्यामागील हेतू नव्हता. डॉर्सेटच्या दप्तरांचे सगळे रहस्य या लहानशा अक्षरात आहे.

८) कारण चर्चच्या वहीत शेतमजुराला आयुष्यभरात मोजून दोन-चार ओळी मिळतात. त्याहून अधिक हवे असेल तर दुसऱ्या कागदांकडे वळावे लागते: गरिबांच्या खर्चाच्या कागदांकडे. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली. गावातील जमीन कसणाऱ्यांकडून कर गोळा करायचा आणि ओव्हरसियर नावाच्या गावकारभाऱ्याने तो विधवा, अनाथ, म्हातारे, आजारी यांच्यावर खर्च करायचा. हिशेब मात्र चोख हवा. म्हणून कोणाला बूट दिले, कोणाच्या घरात सरपण टाकले, कोणाच्या कफनावर किती खर्च झाला, हे सारे या वह्यांत मिळते.

९) पण गरीब ‘आपला’ कोणता? याचे उत्तर १६६२ च्या कायद्याने दिले. प्रत्येक माणसाचे एक हक्काचे गाव असे. मदत मिळेल ती तिथेच. परगावाहून आलेला आणि वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहणारा माणूस उद्या आपल्या गळ्यात पडेल, असे गावाला वाटले, तर तो आल्यापासून ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याला परत धाडता येई. हक्काचे गाव जन्माने मिळे, बायकोला नवऱ्यामुळे मिळे, उमेदवारी केल्याने मिळे. पुढे एकाच मालकाकडे सबंध वर्ष चाकरी केल्यानेही मिळू लागले. यावर काही मालकांनी उपाय काढला: गड्याला ५२ ऐवजी ५१ आठवड्यांसाठीच ठेवायचे. एक आठवडा कमी, आणि गावाचे ओझे टळले.

१०) अशा संशयिताला दोन न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून शपथेवर जबानी घेतली जाई. जन्म कुठला, बाप कोण, कोणत्या वयात कोणत्या शेतावर चाकरी धरली, मालकाचे नाव काय, पगार किती, लग्न कुठे, मुले किती, त्यांची वये काय. कारकून ते लिहून घेई आणि खाली जबानी देणाऱ्याची सही किंवा फुली येई. ज्या शेतमजुराने कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याचे हे एकमेव आत्मचरित्र. त्याचा श्रोता त्याला गावाबाहेर काढू पाहत होता, एवढाच काय तो फरक.

११) बायकांची स्थिती याहून बिकट होती. अविवाहित स्त्री गरोदर राहिली की होणारे मूल जिथे जन्मेल तिथले ठरे. म्हणून कित्येकींना दिवस भरत आलेले असताना गाडीत घालून हद्दीपलीकडे नेण्यात आले. कधी तिला मुलाच्या बापाचे नाव सांगायला लावत, मग त्या पुरुषाकडून पोटगीचा करारनामा घेत. आज ज्या वंशजाला खापरपणजोबाच्या बाप्तिस्म्यापुढे बापाचे नाव कोरे दिसते, त्याला ते नाव अनेकदा याच करारनाम्यात मिळते. एका स्त्रीची भर पंचांत झालेली मानहानी हा त्याच्या वंशवृक्षातील हरवलेला दुवा ठरतो. आनंद व्हावा की लाज वाटावी, हे त्याचे त्याने ठरवायचे असते.

१२) इथे एक विसंगती समोर येते. ज्यांनी हे कागद लिहिले त्यांना या माणसांची आठवण ठेवायची नव्हती. त्यांना पैसे वाचवायचे होते. सुखाने खाऊनपिऊन राहिलेला मजूर कागदावर जवळजवळ उमटतच नाही. आजारी पडला, बेकार झाला, विधवा झाली, चोरी केली, की कारकुनाची लेखणी चालू लागते. म्हणून दप्तरांवरून काढलेला गरिबाचा इतिहास म्हणजे त्याच्या वाईट दिवसांचीच यादी. चांगले दिवस होते. त्यांची किंमत कोणाला मोजावी लागली नाही, म्हणून ते कोणी लिहिले नाहीत.

१३) हे सारे एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचे तर डॉर्चेस्टरच्या पूर्वेस काही मैलांवर असलेल्या टॉलपडल या खेड्यात जावे लागते. तेथे १८११ मध्ये जेम्स हॅमेट नावाचा मुलगा जन्मला आणि पुढे शेतमजूर झाला. १८३० च्या दशकाच्या आरंभी टॉलपडलची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८, मग ७ झाली. ती ६ वर येणार अशी चिन्हे दिसू लागली. गावातील जॉर्ज लव्हलेस या मेथडिस्ट उपदेशकाने १८३३ मध्ये मजुरांची संघटना उभी केली. संघटना करणे तेव्हा बेकायदा नव्हते. पण सभासदांनी गुप्ततेची शपथ घेतली होती, आणि नौदलातील बंडानंतर १७९७ मध्ये झालेला शपथविरोधी कायदा हाताशी होता.

१४) २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहा जणांना अटक झाली: जॉर्ज आणि जेम्स लव्हलेस हे भाऊ, थॉमस स्टँडफील्ड आणि त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयात खटला उभा राहिला. शिक्षा: सात वर्षे ऑस्ट्रेलियातील वसाहतींत हद्दपारी. या सहा जणांना पुढे ‘टॉलपडलचे हुतात्मे’ म्हटले गेले. बाप्तिस्म्याच्या वहीतील एका ओळीनंतर हॅमेटचे नाव आता एकाएकी सरकारी कागदांत जागोजाग दिसू लागते: तुरुंग, न्यायालय, कैद्यांचे जहाज, वसाहतीतील नेमणूक.

१५) या प्रकरणातील सर्वांत बोलका प्रसंग मात्र घरी राहिलेल्यांचा आहे. कर्ते पुरुष गेल्यावर त्यांच्या बायकामुलांनी पॅरिशकडे मदत मागितली. स्थानिक जमीनदार आणि न्यायदंडाधिकारी जेम्स फ्रॅम्प्टन याने ती नाकारली. ज्यांना संघटनेची वर्गणी भरणे परवडत होते, त्यांना पोट भरणेही परवडेल, असा त्याचा युक्तिवाद. या कुटुंबांना जगवले ते मजुरांनी आणि सहानुभूतिदारांनी गोळा केलेल्या निधीने. म्हणजे ओव्हरसियरच्या वहीत एखादे नाव नसणे हाही पुरावाच. तिथला कोरेपणा कधी सुस्थिती सांगतो, तर कधी सूड.

१६) देशभर निषेध झाला, मोर्चे निघाले, आणि १८३६ मध्ये सहाही जणांना माफी मिळाली. परत येण्यास मात्र वेळ लागला. हॅमेट सर्वांत शेवटी, १८३९ मध्ये परतला. बाकीचे पाच जण काही काळ एसेक्समध्ये शेती करून कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, लंडन नावाच्याच गावाजवळ, स्थायिक झाले. तिथे त्यांनी आपला भूतकाळ फारसा कोणाला सांगितला नाही, असे म्हणतात. घराण्याच्या आठवणीने जे झाकून ठेवले ते डॉर्चेस्टरच्या न्यायालयीन कागदांनी जपले.

१७) काउंटी सोडून गेलेल्यांचा माग हा शोधाचा स्वतंत्र अध्याय असतो. पूल बंदरातून कित्येक जण न्यूफाउंडलंडच्या मासेमारीवर गेले. काही सैन्यात भरती झाले. डॉर्सेटचे नाव पुढे ज्या ३९ व्या पलटणीला मिळाले, ती हिंदुस्थानात आलेली राजाची पहिली पलटण. १७५४ मध्ये ती मद्रासला उतरली. मुंबई इलाख्यातील चर्चांमध्ये झालेल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डॉर्सेटच्या खेड्यातील वहीत जो मुलगा बाप्तिस्म्यानंतर पुन्हा दिसतच नाही, त्याची शेवटची ओळ एखाद्या वेळी मुंबईच्या किंवा पुण्याच्या दफन-नोंदीत असू शकते. सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या कागदावर जन्माचे गाव लिहिलेले असे. कारण इथेही तेच, प्रश्न निवृत्तिवेतनाचा होता.

१८) जे मागे राहिले त्यांना शोधण्यासाठी १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आणि १८४१ पासून नावानिशी केलेली जनगणना मिळते. १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये सामान्यतः पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत. ५९ वर्षांचा माणूस ५५ चा दिसतो. १८५१ पासून जन्माचे गाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते कळू लागते. याच सुमाराची टाइद नकाशांची मालिका तर शेताशेताचे नाव, मालक आणि कसणारा सांगते. त्या नकाशावर बोट ठेवून वंशज ‘ते घर इथे होते’ असे म्हणू शकतो.

१९) ज्या वर्षी टॉलपडलचे मजूर हद्दपार झाले, त्याच वर्षी, १८३४ मध्ये, गरिबांचा नवा कायदा आला. पुष्कळ पॅरिश एकत्र करून त्यांचा एक संघ, आणि संघाचे एक वर्कहाऊस. मदत हवी तर त्या गरीबखान्यात यायचे. नवरा, बायको आणि मुले वेगवेगळ्या विभागांत राहायची. आणि तिथले जिणे बाहेरच्या हलक्यात हलक्या मजुरीपेक्षा कष्टाचे ठेवायचे, म्हणजे कोणी सहजी येणार नाही. जेम्स हॅमेट सहा जणांपैकी एकटाच टॉलपडलला राहिला. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. घरच्यांना भार होऊ नये म्हणून तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये गेला आणि तेथेच नोव्हेंबर १८९१ मध्ये मरण पावला. बाप्तिस्म्याच्या वहीपासून गरीबखान्यापर्यंत, ऐंशी वर्षांचे आयुष्य, आणि बहुतेक प्रत्येक कागद दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीसाठी लिहिलेला.

२०) त्याच १८९१ मध्ये त्याच डॉर्चेस्टरच्या वेशीवर राहणाऱ्या थॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात वंशावळीनेच होते. एक पाद्री एका गरीब फेरीवाल्याला वाटेत सांगतो की तो एका प्राचीन सरदार घराण्याचा वंशज आहे. त्या माहितीने फेरीवाल्याच्या डोक्यात वारे शिरते आणि त्याची थोरली मुलगी आयुष्यातून उठते. पूर्वजांत सरदार सापडावा ही हौस किती महाग पडू शकते, हे हार्डीने दाखवले. ती कथा कल्पित होती. वर्कहाऊसमधला आंधळा म्हातारा खरा होता.

२१) हॅमेटच्या थडग्यावर बरीच वर्षे दगड नव्हता. १९३४ मध्ये, खटल्याच्या शताब्दीला, एरिक गिल या शिल्पकाराने कोरलेला दगड टॉलपडलच्या चर्चच्या आवारात बसवला गेला. कामगार संघटनांनी त्याची आठवण ठेवली म्हणून हे घडले. त्याच आवारात पुरलेल्या अनेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्यांच्यासाठी आहे ती फक्त जबानी, फुली, आणि ओव्हरसियरच्या वहीतील बुटांच्या जोडीचा खर्च.

२२) म्हणून दप्तरखान्यात बसलेल्या माणसाने प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? आणि कोणाचे पैसे वाचवण्यासाठी लिहिला? त्यानंतर ‘कंगाल’, ‘भटका’, ‘अनौरस’ हे शब्द पूर्वजाचे वर्णन राहत नाहीत. ते लिहिणाऱ्याच्या चिंतेचे वर्णन होतात. पूर्वज मग त्या शब्दांमागून हळूहळू दिसू लागतो: कोणत्या वयात घर सोडले, कोणत्या मालकाकडे एक आठवडा कमी पडला, किती लेकरांना घेऊन तो दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. कागद त्याला गावाबाहेर काढण्यासाठी लिहिला होता. आज तोच कागद वाचून कोणीतरी त्याला आपल्या घराण्यात परत आणतो.